कबरं छप्पर

पुसेगाव,
६ फेब्रुवारी २०२५

विहीणबाई रूपाबाईंना पुसेगावच्या नर्मदाबाईचा रामराम.

तुमचा निरोप पोचला. जावईबापूंनी तो फार हळू आवाजात सांगितला, पण मी त्यांना तीनदा मोठ्यानं सांगायला लावला. त्यामुळं आता आमच्या सगळ्या गल्लीला माहीत झालंय की कुरुंद्याच्या विहीणबाई सृष्टीला पहिल्या बाळंतपणाला माहेरी पाठवणार नाहीत, कारण माहेरच्या घरावर पत्रे आहेत.

मी फोनच करणार होते. पण माझा डावा कान गेलेलाच आहे आणि उजवाही आता मर्जीनं चालतो. मागं तुम्ही फोनवर काहीतरी विचारलंत, मी आपलं "व्हय व्हय" म्हणत गेले, आणि पुढच्या आठवड्यात तुमच्याकडून एक करडू आलं. ते अजून आमच्या अंगणात आहे, दोरीवरचे कपडे खातं. म्हणून या वेळी लिहूनच बोलू. हे पत्र हरिचंद आणून देईल. तो माझ्या मावसबहिणीचा मुलगा, एस.टी.त कंडक्टर आहे. उत्तर त्याच्याच हाती द्या.

आता मुद्द्याचं. पत्रा तापतो हे मला कोणी शिकवायला नको. एप्रिल लागला की दुपारी आम्ही घर सोडून लिंबाखाली बसतो. स्लॅब टाकला असता, पण भिंती दगड-मातीच्या, त्यांना तेवढं ओझं पेलत नाही. आधी कौलं होती. ती वानरांनी एकाच उन्हाळ्यात फोडून टाकली, म्हणून तर पत्रे आले.

तरी ऐका. पाडव्याच्या आत मी हे छप्पर बदलते. काय घालायचं ते अजून ठरलेलं नाही, पण बदलते. माझी एकुलती एक लेक आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत मी काढलेली नाही आणि माझ्या दारात ती मोडू देणार नाही. तुमचा राग आला आहे, तो लपवत नाही.

नर्मदाबाई


कुरुंदा,
११ फेब्रुवारी

नर्मदाबाईंना नमस्कार.

करडू तुम्ही मागितलं होतं. मी विचारलं, "पाठवू का?" तुम्ही "व्हय" म्हणालात.

सृष्टी बरी आहे. पाय थोडे सुजतात, बाकी काही तकलीफ नाही. मेच्या मध्यावर तारीख दिली आहे. त्या दिवसांत तुमच्या घरात दुपारी पीठ मळून ठेवलं तर चुलीशिवाय भाकरी भाजून निघेल. इथं स्लॅब आहे, कूलर आहे, दवाखाना जवळ आहे. माझं बाळंतपण याच घरात झालं. विश्वंभर चांगला धडधाकट निपजला. माहेरीच जायला पाहिजे असं काही नसतं.

पण तुम्ही एवढ्या पेटला आहात, तर मीही एक अट घालते. पाडव्यापर्यंत छप्पर होऊ द्या. भर दुपारी त्या खोलीत गरोदर बाई सुखानं झोपेल असं झालं, तर पाठवीन.

विश्वंभर म्हणतो, नांदेडला त्याच्या दुकानात शिंगल नावाचा माल आला आहे. डांबराचे जाड तुकडे, वरून बारीक खडीचे दाणे. खाली प्लायच्या फळ्या ठोकायच्या, त्यावर डांबरी कागद, त्यावर हे तुकडे एकावर एक चढवत जायचे. कौलापेक्षा हलके, वानरांना फुटत नाहीत. त्यात एकपदरी आणि दुपदरी असे प्रकार. रंगही दोन, काळा आणि पांढुरका. नमुने हरिचंदकडे दिले आहेत. विश्वंभरनं सांगितलं आहे की दोन्ही रंग उन्हात ठेवून बघा आणि कोणता बरा ते कळवा. त्यानं एक जोड माझ्यासाठीही ठेवली आहे. मीही बघते. नुसत्या तुमच्या सांगण्यावर मी विसंबणार नाही.

रूपाबाई


पुसेगाव,
१७ फेब्रुवारी

विहीणबाई,

नमुने आले! मी ते उशाशी घेऊन झोपले, तर सृष्टीचे बाबा म्हणाले, "आता माझं अंथरूण अंगणात टाक." डांबराचा वास येतो खरा, पण मला तो आवडला. नव्या रस्त्याचा येतो तसाच.

लगेच सेनगावहून फारुकभाईंना बोलावलं. आमच्या घराचे वासे, दारं, खिडक्या सगळं त्यांच्या हातचं आहे. एकपदरी तुकडा त्यांनी दोन बोटांत धरून हलवला आणि म्हणाले, "बाई, याच्या नादी लागू नका. वळवाचा वारा आला की बराबर उचलून नेतो. दुपदरीच घ्या, वजनानं बसून राहतो." हे मला पटलं. तुम्हालाही पटेल, कारण मागच्या साली तुमच्या शेजाऱ्यांचे पत्रे कुठं सापडले ते सृष्टीनं मला सांगितलंय. तेव्हा दुपदरी ठरलं. राहिला रंग.

रंगाची परीक्षा मी अशी घेतली. सध्या पापडांचे दिवस. दोन्ही तुकडे अंगणात मांडले, दोन्हींवर प्लास्टिकचा कागद, त्यावर एकाच गोळ्याचे उडदाचे पापड. ऊन सारखं, पापड सारखा, लाटणारी बाईही एकच. मग करडाला राखत बसून राहिले. काय सांगू तुम्हाला! काळ्यावरचा पापड दुपारच्या आत कडक. हातात घेतला की वाजतो. पांढुरक्यावरचा उन्हं कलली तरी आळशासारखा मऊच. दुसऱ्या दिवशी कुरडया घातल्या, तोच प्रकार. फारुकभाईही बघत होते. म्हणाले, "काळ्यात दम आहे."

माझं मत काळ्याला. तुमचं काय ते खरं खरं लिहा. मला हरवण्यासाठी उगीच पांढरा म्हणू नका.

नर्मदाबाई


कुरुंदा,
२२ फेब्रुवारी

नर्मदाबाई,

मी खोटं लिहीत नसते. इथं आता हळद शिजवणं चालू आहे. शिजलेली दोन मुठी हळकुंडं काळ्यावर आणि दोन मुठी पांढुरक्यावर घालून गच्चीवर ठेवली. रोज बघत होते. काळ्यावरची हळकुंडं आधी खणखणली. पांढुरक्यावरची अजून दबतात.

काळाच बरा. लग्नाच्या बैठकीत बस्त्यावरून, जेवणावरून, फेट्यांच्या रंगावरून आपण भांडलो. आज पहिल्यांदा आपलं एकमत झालं. हे मी सृष्टीलाही सांगितलं. कशावरून ते नाही सांगितलं, नुसतं एकमत झालं एवढंच. तिला खरं वाटलं नाही.

विश्वंभरला कळवलं, काळा दुपदरी पाठव. तो म्हणाला, "शहरात लोक काळाच नेऊन राहिले. आन् दोघी आया एक बोलून राहिल्या तर मी कोण मधी बोलणारा?" माल आठवड्यात येईल.

अट मात्र कायम आहे.

रूपाबाई


पुसेगाव,
७ मार्च

विहीणबाई,

माल आला, पत्रे उतरले, आणि मी किती वर्षांनी माझ्या घरातून उघडं आभाळ बघितलं! चार दिवस आम्ही आभाळाखालीच राहिलो. गल्लीतल्या बाया येऊन बघून जायच्या. एक म्हणाली, "नर्मदामाय, या वयात काहून खटपट करून राहिल्या?" मी म्हणाले, "लेक येऊन राहिली." एवढंच म्हणाले आणि मला एकदम भरून आलं. मग चहाच्या निमित्तानं आत गेले. आत म्हणजे तरी कुठं, वर छप्पर होतंच कुठं!

फारुकभाईंचे रोजे चालू आहेत. पहाटेची सहेरी करून ते सेनगावहून पहिल्या जीपनं येतात, दुपारपर्यंत काम करतात, घोटभर पाणी घेत नाहीत. मी वर बघून ओरडते, "फारुकभाई, उतरा आता!" ते वरून काहीतरी म्हणतात, मला ऐकू येत नाही, मी पुन्हा ओरडते. असं आमचं रोज चालतं. फळ्या ठोकून झाल्या, डांबरी कागद झाला. परवापासून शिंगल. सुरुवात स्वयंपाकघराच्या बाजूनं केलीय, वळचणीपासून आढ्याकडे. काळंभोर, एकसारखं, इतकं देखणं दिसतं की सृष्टीचे बाबा जेवणाचं ताट घेऊन रस्त्यापलीकडं जाऊन बसतात आणि तिथून बघत जेवतात.

सृष्टीच्या खोलीला मी आतून चुना दिला. खिडकी मोठी करून घेतली. बाजेची नवी दोरी विणून झाली. डिंक आणून ठेवलाय. बाळाच्या टोपड्याला कापड पाहिजे तर लाल घेऊ की पिवळं, ते तिला विचारून कळवा.

नर्मदाबाई


कुरुंदा,
१३ मार्च, होळी

नर्मदाबाई,

विश्वंभरनं फारुकभाईंना फोन लावला आहे. हे पत्र मिळेपर्यंत काम थांबलेलं असेल. का थांबलं ते मी लिहिते, कारण फोनवर सांगण्यासारखा हा प्रकार नाही. फारुकभाई तुम्हाला ओरडून सांगतील आणि सगळी गल्ली ऐकेल.

सोमवारी सृष्टी कपडे आणायला गच्चीवर गेली. तिथं ते दोन तुकडे आणि त्यांवरची हळद बघून तिनं विचारलं, "आत्याबाई, हे काय?" मी सगळं सांगितलं. तुमचे पापडही सांगितले. ती पायरीवर बसली आणि हसायला लागली. पोट धरून हसली. मी घाबरले, म्हटलं हिला काही होतं की काय. मग डोळे पुसून ती म्हणाली, "आत्याबाई, ज्याच्यावर हळद इतक्या लवकर वाळून राहिली, त्याच्याखाली माझं काय होईल?"

नर्मदाबाई, मी दोन्ही तुकड्यांना हात लावून बघितला. आपल्याला छप्पर सावलीसाठी पाहिजे होतं. आपण दोघींनी वाळवणासाठी निवडलं. काळा ऊन पिऊन घेतो. पांढुरक्याचे दाणे ऊन परत पाठवतात, म्हणून त्यावरची हळद ओली राहिली. दोघींचे केस पिकले आणि दोघींना हे सुचलं नाही.

आता पुढचं. हे सोमवारी कळालं आणि आज गुरुवार आहे. सृष्टीला मी म्हणाले, मी कळवते, तू फोन करू नको. आणि कळवलं नाही. गप्प राहिले असते तर छप्पर तापलं असतं, पोर इथंच राहिली असती आणि दोष उन्हाचा झाला असता. हे माझ्या मनात आलं. पण ती रोज विचारते, "माय काय म्हणाली? माय रागावली का?" आज सकाळी विचारलं तेव्हा तिच्या तोंडाकडं बघवलं नाही. विश्वंभर होळीला घरी आला, तसा त्याला सांगितलं.

टोपड्याला पिवळं म्हणते.

रूपाबाई


पुसेगाव,
१६ मार्च

विहीणबाई,

फोन आला तेव्हा फारुकभाई आढ्यावर होते. वरूनच ओरडले, "बाई, काम थांबवा म्हणून राहिले! काहून थांबवायचं?" मला वाटलं, तुम्ही अट बदलली. आधी त्याचा राग आला. मग तुमचं पत्र आलं, तेव्हा त्याहून जास्त आला. धुळवडीला मी कोणाशी बोलले नाही. सृष्टीच्या बाबांनी रंग लावायला हात पुढं केला तर मी तो हात तसाच धरून ठेवला आणि म्हणाले, आज नाही.

दुपारी शिडी लावून काळ्या उताराला हात लावायला गेले. टेकवलाच गेला नाही हो! खाली स्वयंपाकघरात येऊन उभी राहिले तर डोक्यावर कोणी तवा धरल्यासारखं. आणि तिथं मला हसू फुटलं. आपण दोघी आयांनी मिळून लेकीला वाळत घालायचं ठरवलं होतं! कागद टाकला, उन्हं बघितली, करडाला राखलं, सगळं रीतीप्रमाणं केलं. मी हसत होते आणि वर सामान आवरत असलेल्या फारुकभाईंना वाटलं मी रडतेय. ते धडपडत खाली आले. त्यांना सांगितलं तर तेही भिंतीला टेकून बसले. "या अल्ला, मीबी म्हणलं होतं, काळ्यात दम आहे!"

आता काय झालंय ते ऐका. स्वयंपाकघराकडचा उतार पुरा झालाय. खिळे बसलेत आणि उन्हानं डांबर एकमेकांना असं चिकटलंय की काढायला गेलं तर तुकडे फाटतात. तो तसाच राहील. सृष्टीच्या खोलीकडचा उतार कोरा आहे, तिकडचे गठ्ठे फोडलेलेही नाहीत. ते जावईबापूंनी परत न्यावेत आणि पांढुरके पाठवावेत. आढ्याला लांब फट ठेवून वर टोपी बसवू, म्हणजे गरम हवा निघून जाईल, असं फारुकभाई म्हणतात. काळ्याखाली मी राहीन. माझा जन्म चुलीपुढं गेला, मला फरक पडत नाही. पांढऱ्याखाली लेक.

एक गोष्ट मला कळत नाही. तुम्ही गप्प राहिला असतात तर जिंकला असतात. तरी लिहिलंत. असं माणूस उगीच करत नाही. याचे मी उपकार मानते, आणि न कळवलेल्या त्या चार दिवसांचा रागही धरते. दोन्ही बरोबर चालू राहील.

नर्मदाबाई


कुरुंदा,
२० मार्च

नर्मदाबाई,

पांढुरका माल विश्वंभरनं गाडीत घालून दिला आहे. जपून उतरवून घ्या.

अट अजून कायम आहे. छप्पर झाल्यावर बघू.

रूपाबाई


पुसेगाव,
२ एप्रिल

विहीणबाई,

तुमचं मागचं पत्र एवढंसं! करडानं खाल्लं असतं तर पोट भरलं नसतं. अजून "बघू" म्हणता? मग बघाच आता!

पाडव्याच्या आदल्या दिवशी शेवटचा तुकडा बसला. पाडव्याला गुढी उभारली ती थेट नव्या आढ्याला टेकवून. दुसऱ्या दिवशी ईद. फारुकभाईंच्या घरून कमरुन्निसाबाई स्वतः शीरखुर्म्याचं पातेलं घेऊन आल्या, ते आम्ही सृष्टीच्या खोलीत बसून खाल्लं. घर एका बाजूनं काळं, एका बाजूनं पांढरं. गावानं नाव ठेवलं, कबरं घर. सेनगावची जीप आमच्या घरापुढं हळू होते, माणसं डोकी बाहेर काढून बघतात. मला इतकं मिरवल्यासारखं होतं की मी निमित्त काढून दारात उभी राहते.

वानरंही आली. पाच-सहा जण उड्या मारत आले, उकरून बघितलं, फोडायला काही सापडेना, सरकवायला काही मिळेना. शेवटी आढ्यावर ओळीनं बसले, आमच्याकडं पाठ करून. रुसले मेले.

आता परीक्षा. या वेळी पापड नाही. काल भर दुपारी मी आधी स्वयंपाकघरात बसले. हवेच्या फटीनं बरंच सुसह्य झालंय, पण घाम येतो. मग सृष्टीच्या खोलीत गेले. विहीणबाई, अंगावर शहारा आला. गार नाही म्हणत मी, उन्हाळा आहे. पण डोक्यावर कोणी उभं नाही असं वाटलं. फारुकभाई हिशेबाला आले होते, त्यांना म्हटलं, तुम्ही पण आत बसून सांगा. ते बाजेवर बसले, मग आडवे झाले, आणि उन्हं कलल्यावर असरच्या नमाजाला मी हलवून उठवलं तेव्हा कुठं उठले. रागावून म्हणाले, "कशाला उठवलं!" ह्याहून मोठी साक्ष मी कुठून आणू?

तुमची अट पुरी झाली. माझी पोर पाठवा.

नर्मदाबाई


कुरुंदा,
७ एप्रिल

नर्मदाबाई,

सृष्टीनं तिची पेटी भरली आहे. येत्या सोमवारी विश्वंभर तिला घेऊन निघेल. तुम्ही जिंकलात.

आता जे लिहिते ते सृष्टीला दाखवू नका. तुम्ही विचारलं होतं, गप्प का राहिले नाही. त्याआधी हे विचारायला पाहिजे होतं की अडवलं का. छप्पर कसंही असतं तरी मी काहीतरी काढलं असतं. दवाखाना लांब, रस्ता खराब, काहीही. मला पोर पाठवायचीच नव्हती. विश्वंभरचे वडील गेल्यापासून हे मोठं घर आणि मी. विश्वंभर आठवडाभर नांदेडला. ही आली आणि घरात बोलणं आलं. ती गेली की फ्रीजचा आवाज तेवढा राहील.

आणि दुसरं. मी लिहिलं होतं, माझं बाळंतपण याच घरात झालं. तुम्हाला तो तोरा वाटला असेल. मला जायला जागा नव्हती. आई मी लहान असतानाच गेली, भाऊ नाही. लग्नात पाठवणीला चुलते उभे राहिले, त्यानंतर त्यांनी कधी बोलावलं नाही. कळा सुरू झाल्या तेव्हा मी "आई" म्हणून ओरडले आणि सुईण म्हणाली, "कोणाला हाका मारून राहिली गं?" सृष्टी रोज माहेरचं सांगते. माय असं करते, माय तसं करते. मी ऐकत राहते आणि मला तिचा हेवा वाटतो. सुनेचा हेवा. या वयात. लिहायलाही लाज वाटते. पण तिची माय तिच्यासाठी घरावरचं छप्पर उतरवते आणि मी तिला मुद्दाम अडवून ठेवते, हे मला सहन झालं नाही. म्हणून लिहिलं होतं.

तिला दुपारी ताक आवडतं, जिऱ्याचं. डाव्या कुशीवर झोपते. रात्री पायाला तेल लावून द्या, ती स्वतः सांगणार नाही.

रूपाबाई


पुसेगाव,
१० एप्रिल

रूपाबाई,

तुमचं पत्र वाचलं आणि चूल तशीच सोडून उठले. भात लागला. लागू दे.

मला वाटायचं तुम्हाला तुमच्या स्लॅबचा ताठा आहे. सृष्टीच्या बाबांपुढं मी तुमच्या चालण्याची नक्कलही केलीय, आणि चांगली करते मी. माझी मलाच लाज वाटली.

सोमवारी गाडीत दोघींच्या पेट्या येऊ देत. पोराची आई सुनेच्या माहेरी मुक्काम करत नसते, लोक काय म्हणतील, मानपान कसा सांभाळायचा, हे काही मनात आणू नका. मानपान कुरुंद्यातच कुलूप लावून ठेवा. लोकांनी आमच्या घराला कबरं म्हणून झालं, आता आणखी काय म्हणायचं राहिलंय? खोलीत दुसरी बाज टाकलीय, तुमच्यासाठी. पांढऱ्या बाजूलाच. माहेरी जायला निघालेल्या बाईनं विचार करत बसायचं नसतं, पिशवी उचलायची असते.

आणि हे मी उपकार म्हणून लिहीत नाही. मला कान नाहीत. बाळ रडलं तर ऐकायला कोणीतरी पाहिजे ना! तुम्ही ऐका, मी उचलून घेते.

फारुकभाई विचारत होते, विहीणबाईंना उशी जाड लागते की पातळ?

नर्मदाबाई


कुरुंदा,
२२ जून

नर्मदाबाई,

सुखरूप पोचले. हे मी आजवर कोणाला लिहिलं नव्हतं, म्हणून पहिल्यांदा तेच लिहिते. सुखरूप पोचले. पेरणीसाठी यावं लागलं, नाहीतर निघाले नसते. सोयाबीनचं बी आज आलं.

नात आता कोणाकडं बघून हसते ते कळवा. मी तिथं होते तेव्हा माझ्याकडं बघून हसायची, तुम्ही काहीही म्हणा. तुम्ही म्हणाल ती वायूनं हसत होती. ती माझ्याकडं बघूनच हसत होती. मेमधल्या त्या वादळात गावातले पत्रे उडाले आणि आपलं घर जागचं हललं नाही, तेव्हाही ती माझ्याच मांडीवर झोपून राहिली होती, हे लक्षात असू द्या. सृष्टीला दुपारची झोप घ्यायला लावा. डिंकाचा लाडू ती पोटभर खात नाही, करडाला देते. मी बघितलं आहे.

निघताना बोलता आलं नाही, ते आता लिहिते. तुम्ही मला पाटावर बसवलंत आणि सूप घेऊन समोर आलात. तांदूळ, नारळ, खण. मी हात मागं घेतला. म्हणाले, मला चालत नाही. बाहेर जीप थांबली होती, सृष्टी बाळाला घेऊन दारात उभी होती, चार बाया बघत होत्या. तुम्ही माझा पदर ओढून पुढं धरलात आणि म्हणालात, "लेक माहेराहून निघाली की ओटी भरत्यात. त्यात नवऱ्याचं काय काम?"

माझी ओटी कोणी भरली नव्हती. आधी माहेर नव्हतं म्हणून, मग नवरा नव्हता म्हणून. जीपमध्ये मी पदर सोडला नाही. हिंगोलीला गाडी बदलली तेव्हाही तशीच धरून चढले. हरिचंदनं सामान घ्यायला हात पुढं केला, तर त्याला म्हणाले, पिशवी घे, हे नको.

ओटीचे तांदूळ ज्या बाईचे तिनंच खायचे असतात, दुसऱ्याला देत नाहीत, असं सृष्टीनं सांगून ठेवलं होतं. आज सकाळी त्यांची खीर केली. गूळ थोडा जास्त झाला. विश्वंभर म्हणाला, "आई, मला थोडी?" मी त्याला दिली नाही.

रूपाबाई